कडेवर घे, अक्का

एकोणनव्वद सालची गोष्ट. सून शोभा बाळंतपण उरकून माहेराहून भालकीला परतली, आणि दुसऱ्याच दिवशी सरुबाईनं चार महिन्यांच्या नातीला पायांवर घेऊन तेल लावलं. मांड्या फाकवल्या, तर डावी अर्ध्यावरच अडली. सरुबाईनं पुन्हा फाकवून पाहिलं. तिचा स्वतःचाही डावाच पाय लंगडा होता. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते खोटं नाही.

तिच्या पायाची कथा साऱ्या भावकीला तोंडपाठ होती. रांगत्या वयात ती थोरल्या बहिणीच्या, आठ वर्षांच्या राजूअक्काच्या कडेवरून पडली, आणि चालायला लागली ती लंगडतच. लोक त्या पोरीला इतकं घालूनपाडून बोलले, की पुढं राजूअक्कानं पोटच्या लेकरालाही कधी कडेवर घेतलं नाही. पन्नास वर्षं झाली, तरी बहीण दिसली की तिची नजर आधी पायाकडे जायची.

"आत्याबाई, लेकरू तर हसायलंय. कामून घोर लावून घ्यायलाव?" शोभा म्हणाली.

"हसणाऱ्या लेकरालाबी चालावं लागतंय. ऊठ!"

भालकीच्या डॉक्टरनं चिठ्ठी देऊन गुलबर्ग्याला धाडलं. तिथल्या दवाखान्यात पोटातलं मूल दाखवणारं नवं यंत्र आलं होतं. बाहेर पोटुशा बायांची ही रांग! "पेशंट कोण?" नर्सनं विचारलं. सरुबाईनं नात पुढं केली, तशा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसा म्हणावं!

डॉक्टरीणबाईंनी लेकराच्या खुब्याला गार, चिकट मलम लावलं, वरून साबणाच्या वडीएवढा तुकडा फिरवला, आणि पडद्यावर चक्क आतलं हाड दिसलं!

"हा गोळा, ही वाटी. वाटी उथळ आहे, म्हणून गोळा सरकतोय."

"मंग?" सरुबाई पडद्याकडे सरकली.

"वेळेत आलात. पट्ट्यांनी मांड्या फाकलेल्या ठेवू, वाटी खोल होत जाईल. बहुतेक लेकरं सरळ चालतात."

सरुबाईला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

पट्टे बांधताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे घराण्यात असतं. अजून कुणाला आहे?"

"न्हाई. मी तर पडून अशी झाली."

त्यांनी तिच्याही खुब्याचा एक्स-रे काढायला लावला. "पडून मोडलेलं हाड असं नसतं. तुमची वाटी कधी नीट घडलीच नाही. हे जन्मापासूनचं."

"म्हंजे अक्कानं..."

"कुणीच काही केलं नाही."

परतीच्या वाटेवर सरुबाई सुनेला घेऊन बसवकल्याणलाच उतरली आणि अक्काच्या मंठाळची गाडी धरली. आनंद पोटात मावत नव्हता.

राजूअक्का दारात ज्वारी पाखडत होती. तिची नजर आधी पायाकडे गेली. सरुबाईनं एक्स-रे तिच्यापुढं नाचवला. "अक्का, तू मला लंगडी केली न्हाईस! मी आईच्या पोटातूनच अशी आली!"

राजूअक्काला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं सूप सुटलं. "पर पाडली तर होतीच की गं मी."

"पाडली असशील. त्यानं काय झालं न्हाई! हिला घे. पाय फाकवून कडेवर घ्या म्हणली डॉक्टरीण."

"नगं सरू, हात कापायलेत माझे."

"कापू दे. मी धरती की खालून."

राजूअक्कानं नात कडेवर घेतली. आधी अक्का हमसून रडली, मग अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी. भालकीकडची शेवटची गाडी निघून गेली, तरी ती लेकराला खाली ठेवीना.