मी नाथाजींची शिडाची होडी

मी एक जुनी शिडाची होडी आहे. माझे जन्मभराचे नाते पाण्याशी, पण गेली काही वर्षे मी विट्याबाहेरच्या एका माळावर, घराच्या अंगणात ट्रॉलीवर उभी आहे. इथून मोठे पाणी फार लांब आहे. मित्रांनो, होडी इथे कशी आली असे तुम्हाला वाटत असेल. ती हकीकत मी सांगते. ती आनंदाची नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

१९७३ साली मुंबईत माझगावच्या एका सुताराने मला घडवले. सागाचा सांगाडा, त्यावर पातळ प्लायवूड, एक डोलकाठी आणि दोन पांढरी शिडे. माझ्या पोटात मधोमध एक उभे लाकडी खोके आहे. त्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात. ती नसली तर वारा मला आडवीच ढकलत नेतो.

साताऱ्याचे मेजर राजरत्न माझे पहिले मालक. धोम धरण भरू लागल्यापासून ते मला जीपमागे जोडून तिकडे नेत. काठावरचे लोक हातातले काम टाकून बघत राहत. घरी आल्यावर मेजरसाहेब मला उपडी करून फडक्याने कोरडी करत, तेव्हाच त्यांचा चहा होई. १९९१ साली ते वारले. त्यानंतर मी चार पावसाळे घरामागे एका फाटक्या ताडपत्रीखाली काढले. पोटात पाणी साचायचे आणि खोक्याच्या बुडाशी मुरायचे. तिथली तळाची फळी आतून कुजली. मेजरसाहेबांची मुलगी दीपमालाताई शाळेत शिकवत. त्यांना होडीतले काही कळत नव्हते. मला विकायचे ठरले तेव्हा त्यांनी चांगल्या मनाने मला निळा रंग लावला. कुजलेली फळी त्या रंगाखाली झाकली गेली.

१९९५च्या चैत्रात नाथाजी मला बघायला आले. सोबत त्यांची बायको हरणाबाई आणि जीप चालवणारा भाचा ज्योतिबा. नाथाजी गलाईवाले. सत्तावीस वर्षे त्यांनी कोचीनच्या एका बोळात सोने गाळले होते. भट्टीचा धूर आणि तेजाबाची वाफ छातीत भरून ते गावी परतले होते. चार पावले चालले की थांबत, गुडघ्यांवर हात टेकत, मग पुढे निघत. कोचीनला एक गिऱ्हाईक त्यांना रविवारी आपल्या शिडाच्या होडीतून खाडीत न्यायचे. तेवढाच वेळ त्यांना मोकळा श्वास मिळे.

"हरणे, पाण्यावरचं वारं लागलं की छाती अशी उघडती बग," ते म्हणाले, आणि माझ्या काठावरून हात फिरवत हसले.

"आवं, पर आपल्याकडं पाणी कुटं हाय? प्यायला टँकर येतुया," हरणाबाई म्हणाल्या.

"धोमला न्हेऊ की. ट्रॉली हाय न्हवं!"

नाथाजींनी मला सोन्यासारखी पारखली. शिडांच्या शिवणी पाहिल्या, डोलकाठी हलवली, ट्रॉलीची चाके फिरवली. खाली वाकले की धाप लागे, म्हणून तळ तेवढा राहिला. तो हरणाबाईंनी पाहिला. त्या माझ्या पोटात उतरून बसल्या आणि पीठ मळायची काथवट चाचपावी तसे मला चाचपत गेल्या. खोक्याच्या बुडाशी त्यांचा अंगठा रंगासकट आत रुतला.

मित्रांनो, मला त्या क्षणी वाचा असती तर मी ओरडले असते. हरणाबाईंनी अंगठ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. ते ज्योतिबाला सुकाणूचा दांडा कसा धरायचा ते दाखवत होते आणि पोरासारखे हसत होते. हरणाबाईंनी अंगठा पदराला पुसला.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "घ्या."

त्यांना वाटले असावे की मी अंगणातच राहीन. आजारी माणूस धोमपर्यंत कशाला जातोय? आणि खरेच, उन्हाळाभर मी अंगणातच होते. नाथाजी सकाळ-संध्याकाळ माझ्यात येऊन बसत, शीड उलगडत, पुन्हा गुंडाळत. येणाजाणाऱ्यांना चहा देऊन माझे सगळे भाग नावानिशी सांगत. इतके कौतुक मेजरसाहेबांच्या वेळीही झाले नव्हते.

दसरा झाल्यावर त्यांनी ज्योतिबाला जीप काढायला लावली. हरणाबाईंनी परोपरीने सांगून पाहिले. उन्हाचे झाले, प्रवासाचे झाले, खोकल्याचे झाले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मग मी बी येती." निघताना त्यांनी डालड्याचा रिकामा डबा आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिशवीत भरल्या.

धोमचे पाणी काठोकाठ होते. ज्योतिबाने मला पाण्यात ढकलले आणि तो काठावर थांबला. त्याला पोहता येत नव्हते. नाथाजींनी शीड चढवायची दोरी दोनदा ओढली आणि त्यांचा श्वास अडकला. हरणाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आडावर पाणी शेंदावे तशी ओढली. शीड फडफडत वर गेले, वाऱ्याने भरले, आणि चार वर्षांनी मी चालू लागले.

पाव तास नाथाजी खोकले नाहीत.

"आला का खोकला? सांग की, आला का?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

"न्हाई आला," हरणाबाई म्हणाल्या. त्यांचे लक्ष तळाकडे होते. तिथे पाणी झिरपू लागले होते. मी सगळे बळ एकवटून ती फळी धरून ठेवत होते, पण कुजलेल्या लाकडात कसले आलेय बळ? वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, मी कलले, आणि खोक्याच्या बुडाशी फट पडली. पाणी भसाभसा आत आले. हरणाबाईंनी फटीत चिंध्या कोंबल्या आणि डब्याने पाणी बाहेर फेकायला सुरुवात केली.

नाथाजींनी शिडाची दोरी सोडून दिली. मी जागीच डुलू लागले. काठ दोनशे पावलांवर होता. ते डब्याकडे पाहत राहिले.

"डबा का आणलास तू?"

हरणाबाई पाणी फेकत राहिल्या.

"हरणे, मी काय इचारतोय? तुला म्हाईत हुतं?"

"व्हय. सातारलाच कळलं हुतं. अंगठा रुतला माझा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी हसत हुता," त्या म्हणाल्या. "गावाकडं आल्यापास्नं पैल्यांदा."

पाणी नाथाजींच्या घोट्यापर्यंत चढले होते. ते हळूच म्हणाले,

"मिरजंचा डाक्टर मला भाईर बसवून तुझ्यासंगं बोलला. तू म्हणालीस, वरीसभरात बरं वाटंल. त्ये बी असंच?"

हरणाबाईंचा हात थांबला. डबा पाण्यात तसाच तरंगत राहिला. मग त्यांनी तो पुन्हा उचलला आणि मान वर न करता पाणी काढू लागल्या. नाथाजींना उत्तर मिळाले.

काठावरून ज्योतिबा बोंबलत होता. गुंडा नावाचा एक कोळी टायरच्या ट्यूबवर बसून जाळे लावत होता. तो आला, माझी दोरी धरली आणि आम्हाला ओढत काठाला नेले. त्या दिवशी कुणाचा जीव गेला नाही.

नाथाजी त्यावरून कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवणे बंद केले. त्या म्हणत, "आज तोंडावर तकाकी हाय," की ते मान फिरवत. गोळी कशाची, हे ज्योतिबाला विचारत. जेवणाची वेळ झाली म्हटले तरी उठून घड्याळ बघत.

त्यांनी मला दुरुस्त करायला घेतले. माझ्या पोटात बसून, दर दोन मिनिटांनी थांबत, त्यांनी कुजका भाग कापून काढला. माझ्या बुडाला भाकरीएवढे भोक पडले. तिथे बसवायला जाड प्लायवूड हवे होते. माघ संपत आला तेव्हा त्यांना अंथरुणावरून उठवेना. खाट त्यांनी माझ्याशेजारी अंगणात टाकून घेतली होती.

"फळी आणाय ज्योतिबा सांगलीला गेलाय," हरणाबाई म्हणाल्या. "सांजंपत्तूर ईल."

नाथाजी हसले. साताऱ्यातले हसू ते नव्हे.

"बरं," ते म्हणाले. "गेला आसंल."

"आवं, खरंच गेलाय! आईची आण!"

"बरं म्हणलं न्हवं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

ज्योतिबा खरेच गेला होता. वाटेत जीप बंद पडली, म्हणून तो दुसऱ्या दिवशी दुपारी फळी घेऊन आला. नाथाजी त्याच सकाळी गेले होते. अंगणात माणसे जमली होती. हरणाबाई उठल्या, ज्योतिबाच्या हातातून फळी घेतली आणि खाटेवर नाथाजींच्या चेहऱ्यासमोर धरली. किती वेळ धरली होती! बायकांनी त्यांना बाजूला घेतले, तरी त्या फळी सोडेनात.

नंतर मला विकत घ्यायला एक-दोन जण आले. लोणंदचा एक माणूस फटफटीवरून उतरलाही नव्हता, तोच हरणाबाई म्हणाल्या, "बुडाला भोक हाय. पाण्यात न्हेली तर बुडंल." तो तसाच परतला. आता हरणाबाई कुणाला काही लपवून सांगत नाहीत. बोलतातच कमी. ट्रॉलीची चाके जमिनीत रुतली आहेत. शिडे उंदरांनी कुरतडली. वाळवी खालून चढत आहे, आणि ती कुठवर आली हे मला रोज कळते.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, पाण्यात सोडा, असे मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. तुम्ही शाळा सुटल्यावर माझ्यात खेळायला येता, तुमचा आवाज मला आवडतो. पण माझे खिळे गंजले आहेत आणि फळ्या तुमचे वजन पेलणार नाहीत. माझ्यावर चढू नका. आलाच आहात तर ओसरीवर जा. तिथे एक म्हातारी बसलेली असते. ती काही सांगू लागली तर पुढे सरकून बसा, आणि तिचे म्हणणे खरे माना.