नकाराची जागा

विभागात तिला पाठीमागे ‘नाहीबाई’ म्हणत, आणि ते तिला माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. नाव काही वाईट अर्थानं पडलेलं नव्हतं. माणूस ‘नाही’ म्हणतो तेव्हा मेंदूत काय होतं आणि नेमकं कुठे होतं, हे तिनं वीसएक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. कपाळामागे, जरा उजवीकडे, वाटाण्याएवढी जागा. त्या वाटाण्यावर तिचं सगळं उभं होतं. प्राध्यापकपद, दारावरची पाटी, दूरदूरची भाषणं, आणि आता तर त्या जोरावर विभागाला मेंदूची चित्रं काढणारं नवंकोरं यंत्रही मिळालं होतं.

प्रयोग पोरासोरांनाही कळेल असा होता. यंत्रात झोपलेल्या माणसाला सांगायचं, बाहेर एकाला शंभर मिळालेत आणि त्यातले तो तुला दहा देऊ करतोय. घेतलेस तर दोघांची वाटणी पक्की. नाकारलेस तर त्यालाही काही नाही आणि तुलाही नाही. हिशेबानं पाहिलं तर दहा घ्यावेत, फुकटचे आहेत. पण माणसं घेत नाहीत. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात आणि वर खूश असतात. अर्थशास्त्रवाले यावर डोकं धरून बसले होते. तिनं त्या डोक्याच्या आत पाहिलं आणि सांगितलं, ही बघा नकाराची जागा, इथे दिवा लागतो.

आता गंमत अशी, की जिनं नकार शोधला तिनं तो स्वतः कधी वापरला नव्हता. पदवी घेऊन ती खरं तर नोकरी धरणार होती. सरांकडे गेली ती शिफारशीचे दोन शब्द मागायला. सरांना नुकतंच एका इस्पितळाच्या तळघरातलं यंत्र आठवड्यातून दोन सकाळी मिळालं होतं आणि हिशेब कळणारं कुणीतरी हवं होतं. मेंदूचं काय, शिकशील, असं ते म्हणाले. ती हो म्हणाली. त्यानंतर कुणी समिती विचारली, कुणी संपादन विचारलं, कुणी विभागप्रमुखाच्या आजारपणात त्याचे तास विचारले. ती हो म्हणत गेली, आणि त्या हो-होचीच एक कारकीर्द झाली. घरीही तेच. नणंद गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभर राहायला आली. गुडघा कधीच बरा झाला, नणंद राहिली. तिच्या अभ्यासाच्या खोलीत आता या ताईंचा पलंग होता, आणि मेंदूवरचे जगभर वाचले जाणारे लेख इस्त्रीच्या टेबलावर लिहिले जात. नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. तो पाहुण्यांना सांगे, “आमच्या घरी नकाराचं शास्त्र आहे, प्रात्यक्षिक नाही.” पाहुणे हसत. तीही हसे.

नवं यंत्र बसवलं त्या दिवशी चाचणीसाठी आत झोपणाऱ्या माणसाच्या दातांना तारा निघाल्या. धातू आत चालत नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हो म्हणाली आणि कानातली काढून ठेवायला लागली.

किती जणांना तिनं त्या बोगद्यात सरकवलं असेल, पण स्वतः आत जाऊन जमाना लोटला होता. कानांत बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज, चेहऱ्यावर पांढरा पिंजरा, त्यावर पडद्यावरचं दाखवणारा आरसा. हातात एक रबरी फुगा देतात, गुदमरलं तर दाबायचा. हे वाक्य ती स्वतः हजारदा हसतमुखानं बोलली होती. आत पडल्यावर कळलं की फुगा हातात असणं हेच किती घाबरवणारं असतं. मग धडधड सुरू झाली, आरशात अक्षरं उमटली, शंभरातले दहा. हे आकडे तिनंच ठरवलेले, बाहेर कुणी देणारा नाही हेही तिला ठाऊक. तरी तिला राग आला. तिनं नकाराचं बटण दाबलं. मध्ये पन्नास आले, ते घेतले. पुन्हा दहा. पुन्हा दाबलं. बरं वाटलं.

बाहेर आली तेव्हा यंत्र चालवणारा गृहस्थ नव्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होता. हा कॅमेरा नाकाच्या शेंड्यावर डोळा ठेवतो आणि डोकं किती हललं ते दाखवतो. जुन्या यंत्राला तो नव्हता. पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती आणि मध्येमध्ये तिला बारीक उंचवटे होते. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्यानेही नसतील. तो म्हणाला, बघा मॅडम, किती बारीक पकडतं. ती बघत होती. उंचवटा नकाराच्या वेळीच होता. प्रत्येक नकाराच्या वेळी. होकाराला रेघ सपाट.

तिनं रेघ पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितली. शेजारी तिची शिष्या उभी होती, ती टेबलाकडे पाहत होती.

फोटो काढताना माणूस हलला की कडेला भूत उमटतं, तसंच या यंत्राचं. डोकं हललं की मेंदूच्या कडेला खोटा दिवा लागतो. हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं, म्हणून हललेले भाग गाळून टाकतात. पण त्या काळची चाळणी जाड होती, तांदळाचा अर्धा दाणा तिच्यातून सहज खाली पडायचा. आणि तिची जागा होती कडेलाच, कवटीला खेटून. पडून राहिलेला, स्पंजात आवळलेला माणूस बोटानं नाही म्हणत होता, पण जन्माची सवय मानेला होती. मान हलत होती. भूत उमटत होतं. त्या भुताला तिनं नाव दिलं होतं, पत्ता दिला होता.

तिनं जुनी सगळी चित्रणं कपाटातून काढली आणि बारीक चाळणीतून पुन्हा घातली. वाटाणा लहान झाला असता तर तिनं मनाची समजूत घातली असती. वाटाणा उरलाच नाही.

त्या आठवड्यात तिला सगळीकडे माना दिसायला लागल्या. ताई जेवताना दुसऱ्यांदा वाढू का विचारलं की “नको गं, नको” म्हणून आख्खी मान हलवायच्या आणि ताट पुढे करायच्या. त्यांनीच शेवटी काय बिनसलंय ते खोदून काढलं. ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की चुकलं असेल तर सांगून टाकावं, त्यात काय एवढं. मग जरा थांबून विचारलं, पगार चालू राहील ना?  रात्रीची भांडी नवऱ्यानं घासली. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं.

ती सरांकडे गेली. सर आता ऐंशीच्या पुढचे, कानाला यंत्र, खिडकीपाशी खुर्ची. तिनं समोर कागद मांडले. त्यांनी ते नीट, सावकाश पाहिले, आणि एकही शंका काढली नाही. तिला तेच जास्त लागलं. मग त्यांनी कागद एकावर एक रचून तिच्या हातात दिले.

“हललं तर हललं,” ते म्हणाले. “आता तू हलू नकोस.”

कधी ना कधी कुणीतरी शोधून काढेलच, शास्त्र आपली दुरुस्ती आपण करतं, ते काम दुसऱ्याला करू दे, असं त्यांचं म्हणणं. त्या जागेवर तू एकटी उभी नाहीस, तुझ्या त्या मुलीचा प्रबंध आहे, नवं यंत्र आहे, आणि एक म्हातारा आहे. हे शेवटचं त्यांनी हसत सांगितलं. घरी कशी आहेस, जेवून जातेस का, हेही विचारलं. सांभाळून राहशील ना? ती हो म्हणाली. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण पुन्हा हो म्हणालो.

शिष्या सोमवारी आली. पस्तिशी ओलांडलेली, बँकेतली चांगली नोकरी सोडून शिकायला परतलेली, लेकीला शेजारणीकडे ठेवून रोज धावत येणारी. प्रबंध बांधून आणला होता. विषय असा, की दिवसभर राबून थकलेल्या माणसांत नकाराची जागा मंद का होते. आता उत्तर सोपं होतं. थकलेला माणूस मान तरी कशाला हलवेल?

“मॅडम, सही तेवढी.”

“बस जरा.”

तिनं सगळं सांगितलं. कॅमेरा, रेघ, चाळणी, नाहीसा झालेला वाटाणा. शिष्येनं मधे एकदाही काय, कसं असं विचारलं नाही. सांगून झालं तरी ती प्रबंधाचा कोपरा अंगठ्यानं दुमडत बसली होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीपासून. मीही चाळणी बारीक करून पाहिली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? लेक आजारी होती तेव्हा तुम्ही माझे वर्ग घेतलेत. मला इथे तुम्ही आणलंत. तुमची जागाच खोटी आहे, हे मी तुम्हाला सांगू? आणि तुम्ही दर वेळी विचारायचात, सगळं ठीक ना? मी हो म्हणायचे.”

ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला म्हणतात. नकारावर काम करणाऱ्या दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, आणि दोघींना मिळून वर्षभरात एक ‘नाही’ उच्चारता आला नव्हता. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर ती पोट धरून हसली असती.

शिष्या हळूच पुढे बोलू लागली. तिनं बरंच आधीपासून ठरवलेलं असावं. मॅडमनी आज सही करावी. पुढच्या वर्षी हवं तर जगाला सांगावं, तोवर ती कुठेतरी नोकरीला लागलेली असेल. मॅडमचा मानही राहील, त्यांनी स्वतःहून चूक सांगितली असं होईल. दोघींचं भागेल.

वाटणी वाईट नव्हती. हिशेबानं पाहिलं तर घ्यावी. समोर पेन होतं, आणि सही काय, तिच्या बोटांना आयुष्यभराचा सराव होता. तिनं शिष्येकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, ओढणीला शाईचा डाग. पुढची वीस वर्षं हीसुद्धा अशीच कुणाच्या तरी दारात हो म्हणत उभी राहणार, आणि पायाखाली काही नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. आपल्याला निदान ठाऊक नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

मान हलली. तिला स्वतःला जाणवलं.

“मग माझी सहा वर्षं?”

 खोटा दिलासा द्यावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. ती एवढंच म्हणाली, “आपण दोघी मिळून हेच नीट लिहू. तोच प्रबंध. मला जमेल तेवढं मी लढेन. किती जमेल ते माहीत नाही.”

शिष्येनं प्रबंध पोटाशी धरला आणि निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

विभागप्रमुखांना तिनं त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी यंत्राच्या उद्घाटनाची तारीख आधी पुढे ढकलली, मग त्याबद्दल बोलणंच टाकलं, आणि तिला पाहिलं की खिशातला फोन काढून वाचू लागले. सरांनी फोन उचलणं बंद केलं. तिनं दोन-तीनदा लावला, वाजू दिला, ठेवला. घरी ताईंनी, म्हणजे ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता त्यांनी, खोली रिकामी करू का असं विचारलं. तिनं मान हलवली. तेवढ्यापुरता तो नकार अगदी खरा होता.

गुरुवारी ती यंत्राच्या खोलीत गेली तेव्हा शिष्या काचेपलीकडे खुर्चीत बसलेली होती.  तिनं फक्त विचारलं, “आत कोण झोपणार?”

“मीच. दुसरं कोण येणार आहे आता?”

पुन्हा बोळे, पुन्हा स्पंज, पुन्हा पिंजरा. फुगा तळहातात. खालची फळी आत सरकली आणि छताची पट्टी दिसेनाशी झाली. कानात शिष्येचा आवाज आला, कोरडा, कामापुरता. पहिल्या फेरीत अजिबात हलायचं नाही. दुसऱ्या फेरीत मानेला हवं ते करू द्या. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दिवा कुठे लागतो ते पाहू.

पहिली फेरी लांबच लांब वाटली. दहा आले, तिनं नाकारले, आणि मानेला दगडासारखं धरून ठेवलं. किती ताकद लागते त्याला. इतकी वर्षं आपण रोज हेच करत होतो, असं तिला आत पडल्यापडल्या वाटलं. फुगा बोटांत होता. दाबला नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. आरशात अक्षरं आली. शंभरातले दहा.

तिनं बटण दाबलं, आणि स्पंज जेवढी जागा देत होते तेवढ्यात डोकं या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं.

धडधड थांबल्यावर थोडा वेळ कानात नुसती खरखर होती. मग आवाज आला.

“हललात, मॅडम.”

“हलले. नोंदव.”

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग टकटक थांबली. शिष्या रडतेय की लिहितेय, ते आतून कळायला मार्ग नव्हता.

“पुढचा आकडा देऊ?”

“दे,” ती म्हणाली. अजून बराच वेळ आतच राहायचं होतं.