जावईबापूंचं ॲव्हरेज

ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने अख्खा वॉर्ड सरळ व्हायचा, त्या सिस्टर जावयापुढे मात्र एकदम मवाळ. निवृत्त झाल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे राहायला आल्या, त्या तोंड मिटून राहायचं असं ठरवूनच. ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या तपासणीच्या दिवशी जावईबापू म्हणाले, "आई, मी सोडतो तुम्हाला. माझ्या वाटेवरच आहे दवाखाना."

जावईबापू विमा कंपनीत साहेब होते. माणूस सरळ, निर्व्यसनी. फक्त अलीकडे त्यांना ॲव्हरेजचं वेड लागलं होतं. गाडी लिटरमागे किती चालते याचा आकडा स्टिअरिंगच्या पुढ्यात उजळत असायचा आणि ते रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघायचे. आठवडाभर जीव टाकून ते तो वर चढवायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्यांची बायको बाजाराच्या एका फेरीत तो खाली आणून ठेवायची. नवराबायकोत भांडायला दुसरं काही नव्हतं.

सिस्टर खाली आल्या तेव्हा जावईबापू डिकीतून छत्र्या आणि घडीची खुर्ची बाहेर काढत होते. "उगाच ओझं," ते म्हणाले. मग त्यांची नजर सिस्टरांच्या पिशवीवर गेली. "यात काय आहे?"

"फाइल, डोळ्यांचे ड्रॉप्स, पाण्याची बाटली."

"पाणी काय, तिथेही मिळेल."

सिस्टरांनी बाटली काढून दिली आणि स्वतःच्या वजनाचा विषय निघायच्या आत गाडीत बसून दार ओढून घेतलं.

एसी बंद होता, कारण एसी पेट्रोल खातो. काचाही बंद होत्या, कारण काच उघडली की वारा गाडीला मागे ओढतो. वाऱ्याने ओढावं इतका वेग गाडीने वाटेत एकदाही घेतला नाही, पण हे जावयाला सांगणार कोण? झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा जावईबापू पॅडलवर पाय ठेवत होते. लांबवर लाल दिवा दिसला की पाय काढून घ्यायचे आणि गाडी आपली तरंगत पुढे जायची. मागचे हॉर्न वाजवून थकले. एका सायकलवाल्याने ओलांडून जाताना आत वाकून पाहिलं, कोणाला बरंबिरं नाही की काय म्हणून.

"ब्रेक मारणं म्हणजे जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतणं, आई."

"हो का," सिस्टर घाम पुसत म्हणाल्या.

पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. जावईबापूंनी किल्ली फिरवून पाहिली, मग काट्याकडे पाहिलं. पेट्रोल संपलं होतं.

"टाकी भरली की गाडीचं वजन वाढतं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून मी थोडंथोडंच भरतो. काल तुमची लेक गाडी घेऊन गेली होती, ते लक्षातच राहिलं नाही."

त्यांनी बायकोला फोन लावला. तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती. सिस्टर काळा चष्मा सावरत खाली उतरल्या आणि वॉर्डातल्या आवाजात एकेकाला बाजूने काढून देऊ लागल्या. शिव्या द्यायला तोंड उघडलेले ड्रायव्हर तो आवाज ऐकून निमूट पुढे गेले.

लेक ऑफिस सोडून टॅक्सीने आली. हातात पेट्रोलचा कॅन होता. जावईबापू आधी टॅक्सीवाल्याकडे गेले. "इंजिन चालू का ठेवलंय? बंद करा की."

"अहो, इकडे या आधी," लेक म्हणाली. पेट्रोल ओतून झालं तशी ती स्वतःच स्टिअरिंगवर बसली. "आई, आता बघ कशी पोचवते तुला."

गाडी सुटली. एसी लागला, गार वारा आला, सिस्टरांना बरं वाटलं. पण लेक उधळल्यासारखी निघायची आणि करकचून थांबायची. तिसऱ्या सिग्नलला सिस्टरांनी तोंडाला पदर लावला.

"बेबी, बाजूला घे. मला गाडी लागतेय."

रस्त्याच्या कडेला खोल श्वास घेऊन झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "जावईबापूंना चालवू दे."

"त्यांना? आई, पेट्रोल संपवलं त्यांनी."

"संपवलं खरं. पण येताना माझ्या पोटातलं पाणी हललं नाही. जन्मात पहिल्यांदा मी गाडीत बसून लिंबू हुंगलं नाही."

जावईबापूंचा चेहरा उजळला. "म्हणजे पद्धत बरोबर आहे."

"पद्धतीचं मला कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. इतके दिवस मिटलेलं तोंड आता उघडलंच होतं. "पण टाकी भरून घ्यायची, एसी लावायचा आणि माझ्या पिशवीत डोकवायचं नाही."

"पण आई, मग वाचणार काय?"

"मी वाचेन."

ते उशिरा पोचले. डॉक्टर जेवायला गेले होते, म्हणून तिघं बाकावर बसून राहिले. तपासल्यावर डोळा मात्र छान बरा होत असल्याचं निघालं.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांच्या मुलाचा फोन आला. तो आईला आपल्या गावी परत न्यायला येणार होता. "नको," सिस्टर म्हणाल्या, "मला जावईबापू सोडणार आहेत."

"त्यांच्या गाडीने? अगं, संध्याकाळ होईल पोचायला."

"होऊ दे. आम्ही सकाळीच निघतोय."