शेवटपर्यंत न वाळलेली रेघ

मित्रांनो, काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूवर पटकन विश्वास ठेवू नका. तिच्याखाली जी पाटी असते तिच्यावर तर मुळीच नको. मी स्वतः अशाच एका पेटीत पडून आहे आणि माझ्या पाटीवर लिहिलं आहे, ‘आधुनिक चित्रकार व शिल्पकार मांदिना कुसानोविच यांची आवडती छिन्नी.’ आवडती! चिडली की ती मला कोपऱ्यात भिरकावून द्यायची, हे त्या पाटी लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

मी दगडावर चालणारी एक दातेरी छिन्नी आहे. मला पाच दात होते, आता चार उरले आहेत. ब्राच बेटावरच्या एका लोहाराने गाडीच्या मोडक्या आसातून मला घडवलं. तो मोठा संशयी माणूस होता. मला पाण्यात विझवलं की तो मला कानाशी नेऊन वाजवी, नाक मुरडी आणि पुन्हा भट्टीत घाली. असं त्याने सात वेळा केलं. जिचा जन्मच संशयात झाला, तिचा स्वभाव कसा असणार, तुम्हीच सांगा.

माझा पहिला मालक प्रोश्पेर, मांदिनाचा बाप. सगळं गाव त्याला बार्बा, म्हणजे काका म्हणे. आमचं गाव पांढऱ्या दगडाच्या खाणीवर जगत होतं. घण आणि पहारी दगड फोडायच्या. माझी कामं दोन. एक तर दगडाचा ओबडधोबडपणा उतरवायचा. दुसरं काम त्याच्याही आधीचं. दगडाला हात घालण्यापूर्वी माझं डोकं त्याच्यावर आपटायचं आणि कान द्यायचा. अखंड दगड किणकिणतो. आत चीर असली की तो तडकलेल्या मडक्यासारखा भद्द बोलतो. दगड वरून कितीही देखणा असो, मी त्याच्यावर कधी भरवसा ठेवला नाही, आणि बहुतेक वेळा माझंच खरं ठरलं.

आमच्या गावात एक रीत होती. घणांचे आवाज ऐकून ऐकून कारागिरांचे कान जातातच. ज्या दिवशी दगडाचं बोलणं ऐकू येईनासं होईल, त्या दिवशी कारागिराने आपली दातेरी छिन्नी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि पुन्हा दगडाला हात लावायचा नाही. एका सकाळी बार्बा प्रोश्पेरने मला दगडावर दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं आणि लेकीला हाक मारली.

“मांदे, घे ही. मला आता सगळेच दगड चांगले वाटायला लागलेत.”

त्यानंतर तो बावीस वर्षं जगला, अंगणात बसून अंजीर वाळवत राहिला, पण त्याने मला परत हातात घेतलं नाही.

मांदिनाच्या हाताखाली माझे सुखाचे दिवस गेले. तिने शेळ्या घडवल्या, लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या बाया घडवल्या, चर्चच्या दारावरचा झोपाळू देवदूत घडवला. एका दगडात गारगोटी लपून बसली होती, तिच्यावर माझा एक दात गेला. मांदिनाने मला घासून सारखं केलं नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक घावात एक जागा कोरी राहते. स्प्लित आणि झाग्रेब या शहरांत तिची प्रदर्शनं भरली, वर्तमानपत्रांत नाव आलं. माझं नाव कुठेच आलं नाही, पण त्या बायांच्या पाठीवर माझी सही आहे, हे मला माहीत होतं.

मग घरात कुंचले आले.

मांदिना तेव्हा पन्नाशीच्या आत होती. एक दिवस ती तळघरात कापडं ताणलेल्या चौकटी आणि रंगांच्या नळ्या घेऊन आली. मित्रांनो, मला तर घाम फुटला असता. आमच्या धंद्यात झाकणं हा सगळ्यात वाईट गुन्हा. लबाड माणसं दगडाची भुकटी राळेत कालवून चिरांत भरतात आणि वरून घासून गुळगुळीत करतात. रंग तरी दुसरं काय करतो? आणि ज्याला एकही दात नाही, त्या कुंचल्यावर मी काय म्हणून विश्वास ठेवावा?

चित्रंही कसली, तर पांढरट करड्या रंगाचा भलाथोरला तुकडा, त्यातून जाणारी एक काळपट रेघ आणि वरच्या कडेला एक छोटी फुली. बस. दर वेळी तेच. झाग्रेबहून चित्रं विकत घेणारे एक गृहस्थ आले. ते त्या रेघेपुढे बराच वेळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “बेट सोडून गेलेल्यांचं दुःख आहे ना हे?”

“काय म्हणालात?” मांदिनाने विचारलं. त्यांनी मोठ्याने पुन्हा सांगितलं.

“तुम्हाला तसं दिसतं ना? मग असेल,” ती म्हणाली.

त्यांनी सहा चित्रं नेली. माझा संशय आणखी बळावला, कारण आता ती मला एकटीने वाजवतच नसे. लोक समोर असले तरच मला दगडावर आपटायची, मान डोलवायची. मी भद्द ओरडावं आणि तिने “छान” म्हणावं, असं दोनदा झालं. बाई काहीतरी लपवते आहे, एवढं मला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

एका जानेवारीत आमच्या गावची होडी परत आली नाही. पाच माणसं गेली, एकाचंही प्रेत सापडलं नाही. त्यांत मेनेगो होता, शेजारच्या दोब्रिलाचा नवरा. मांदिना आणि दोब्रिला लहानपणापासूनच्या मैत्रिणी. पाच घरांतल्या बायांनी ठरवलं की बंदरावर एक मूर्ती उभी करायची, डोळ्यांवर हाताची सावली धरून समुद्राकडे बघणारी बाई. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, गावात प्रत्येकजण आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो. या बायांना लावायला थडगंच नव्हतं.

सप्टेंबरात खाणीचा मुकादम बार्तुल दगड घेऊन आला. माणसापेक्षा उंच, दुधासारखा पांढरा. अंगणात उतरवला तेव्हा गाव जमलं होतं. वरच्या कडेला खाणवाल्यांची काळी फुली होती. दगड डोंगरात होता तेव्हा त्याची वरची बाजू कोणती, हे त्या फुलीवरून कळतं.

“वाजवून बघ,” बार्तुल म्हणाला.

मांदिनाने मला आपटलं. मी भद्द म्हणाले. इतकी स्पष्ट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“घंटेसारखा,” मांदिना म्हणाली.

बार्तुलने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं. “हो ना,” तो म्हणाला, “घंटेसारखाच.”

एका दमात दोन माणसं खोटं बोलली! मला वाटलं, हे दोघं मिळून त्या पाच बायांना फसवणार. मूर्ती बंदरावर दोन हिवाळे उभी राहील आणि तिसऱ्यात तिचं डोकं पाण्यात पडेल. मी रागाने धुमसत कट्ट्यावर पडून राहिले.

आठ दिवस मांदिना काहीच करेना. दक्षिणेचा ओला वारा सुटला होता, भिंतींनाही पाझर फुटला होता. ती दारात बसून आभाळ बघायची. नवव्या दिवशी दोब्रिला पालक-बटाट्याचं भांडं घेऊन आली आणि तिने ते धाडकन माझ्या शेजारी आदळलं.

“नुसतं बघून दगडाची बाई होणार आहे का गं?”

“वारा बदलू दे.”

“वारा? तू मूर्ती घडवणार आहेस की धुणं वाळत घालणार आहेस?”

“दोन्ही,” मांदिना म्हणाली.

दोब्रिलाला हसू आलं नाही. “आठ महिने झाले, मांदे,” ती म्हणाली. “या वर्षी मी मेणबत्ती कुठे लावू? पाण्यावर?”

“काय?”

“पाण्यावर लावू का, म्हटलं!” दोब्रिला ओरडली आणि रडायला लागली. मांदिनाने तिला घट्ट धरलं. मला मात्र तेव्हाही तिचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा कोरडा वारा सुटला. पहाट होताच मांदिनाने विहिरीतून बादल्या भरभरून आणल्या आणि अख्खा दगड भिजवला. मग ती समोर चौकट मांडून, कुंचला घेऊन बसली. दगड वाळत गेला, तसतशी ती रंगवत गेली. आधी कडा पांढऱ्या झाल्या, मग मधला भाग. तासाभरात सगळा दगड कोरडा झाला. फक्त एक रेघ ओलीच राहिली. वरच्या एकतृतीयांश भागातून ती आडवी, किंचित तिरकी गेली होती. चिरेचं तोंड कुणीतरी राळेने बंद केलं होतं, तरी पाणी कडेकडेने आत शिरलंच होतं. मांदिनाने ती रेघ कापडावर काढली, वर छोटी फुली काढली आणि मोठा श्वास सोडला.

मित्रांनो, तेव्हा माझे डोळे उघडले. तिचे कान गेले होते. तिला माझं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. रीतीप्रमाणे मला देऊन टाकलं असतं तर दगड कायमचा सुटला असता, म्हणून तिने ते लपवलं आणि मी तळघरात असताना बाहेर एकेक दगड भिजवून, त्याची चीर रंगवून ठेवू लागली. झाग्रेबच्या त्या गृहस्थांनी दुःख म्हणून नेलेली सहाही चित्रं म्हणजे सहा तडकलेले दगड होते. ज्या कुंचल्याला मी इतकी वर्षं लबाड म्हणत होते, तो माझंच काम करत होता. मला फार लाज वाटली.

मांदिनाने बार्तुलला आणि त्या बायांना बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर तिने दगडाभोवती गवत पसरलं, शिडीवर चढून मला नेमकं त्या रेघेवर टेकवलं आणि हातोडी उचलली. पहिल्या घावाला पिवळी राळ भुरभुरली. मग तिने मला बाजूला ठेवून पाचरी ठोकल्या. दगड कण्हला आणि वरचा भाग गवतावर कोसळला.

“गेलं!” दोब्रिला किंचाळली. “सगळं गेलं!”

बार्तुलने टोपी काढली. “मला वाटलं, तुला ऐकू आलं नाही,” तो पुटपुटला. मांदिना त्याच्या ओठांकडे बघत होती.

“नाहीच आलं. सहा वर्षं झाली,” ती म्हणाली. “तुला आलं होतं, बार्तुल. तरी तू राळ भरलीस.”

“एवढा मोठा दगड खाणीत आता उरलाच नाही. हा नको म्हणाली असतीस तर दुसरा कुठून आणला असता? या बाया रोज दारात येऊन विचारायच्या. मी काय सांगायचं त्यांना?”

मांदिना शिडीवरून उतरली आणि तिने मला त्याच्यापुढे धरलं. “तुझे कान चांगले आहेत. रीत आहे. घे.”

राळ भरणाऱ्या त्या हातात मी जाणार! मी तर आशाच सोडली. पण दोब्रिला मध्ये आली. डोळे पुसत तिने उरलेल्या दगडाभोवती एक फेरी मारली आणि मांदिनासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, “रीत बीत मग बघू. आधी हे सांग, एवढ्यात बाई मावेल का?”

“उभी नाही मावणार.”

“मग बसव तिला,” दोब्रिला म्हणाली. “आठ महिने उभी राहून माझेही पाय दुखायला लागलेत.”

बार्तुलने मला घेतलं, पण फक्त दगडावर आपटण्यापुरतं. मी किणकिणले. त्याने चारी बाजूंनी वाजवून खात्री केली आणि मांदिनाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “अखंड आहे!” मग त्याने मला तिच्या हातात परत दिलं. त्या दिवसापासून तो रोज येऊन दगड ऐके आणि ती रोज दगड बघे. रीत मोडली, आणि गावात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मृतांच्या दिवशी बंदरावर ती बाई बसली. मांदिनाने तिची मांडी मुद्दाम रुंद ठेवली होती. तिथे पाच मेणबत्त्या मावतात.

आता मांदिना नाही. मी या पेटीत आहे आणि त्या दगडाचं चित्र माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. पण ते उलटं टांगलं आहे! फुली खाली गेली आहे, रेघही खाली गेली आहे आणि पाटीवर लिहिलं आहे, ‘क्षितिज’. मागच्या वर्षी काठी टेकत बार्तुल आला होता. त्याने चित्र बघून पहारेकऱ्याला सांगितलं, “हे उलटं आहे.”

“आजोबा, आधुनिक चित्र आहे ते. त्याला उलटंसुलटं काही नसतं.”

“दगडाला असतं,” बार्तुल म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन त्याने बोटाच्या पेराने काच वाजवली आणि कान लावला. पहारेकरी धावत आला.

मित्रांनो, माझ्या दातांवर गंज चढतो आहे. कुणी तेलाचं बोट फिरवलं तर बरं वाटेल, पण माझं खरं मागणं वेगळं आहे. दगडावर संशय घ्या, पाट्यांवर घ्या. पण जे माणूस काही लपवतं आहे, त्याला लबाड ठरवण्याआधी ते कशाला भितं आहे, हे जवळ जाऊन विचारा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. आणि इथे आलात तर त्या चित्रापुढे पाठ करून उभे राहा आणि खाली वाकून पायांमधून बघा. पहारेकरी ओरडला तरी बघा. मग रेघ वर जाईल आणि तिच्याखाली मोठी पांढरी, अखंड जागा दिसेल. दोब्रिला तिथे दगडाची बाई होऊन बसलेली आहे.