कावीळ धुणारं पाणी

बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. रोग्याने हात पुढे करावेत, तिथे ठाण मांडून बसलेल्या बाबाने घागरीतलं पाणी सोडावं आणि खालच्या परातीत पिवळंजर्द पाणी साचावं. कावीळ डोळ्यांदेखत उतरायची, मग शंका कोण घेतो? इंग्रजांचं राज्य आलं, इस्पितळं आली, पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची आपली खोड काही गेली नाही.

त्या गर्दीत शरदिनीही होती. तिचे यजमान विश्वेश्वर पाठशाळेत शिकवत. काविळीने ते पार सुकले होते. अंथरुणावरून उठाल तर जिवाशी खेळ होईल, असं डॉक्टर यज्ञेश्वरांनी बजावलं होतं. बाबाचा हुकूम नेमका उलटा. मोहल्ल्यातली सगळी जुनी देवस्थानं रोज पायी करा, मगच हात धुईन. बिंदुमाधव, कालभैरव, जैनांचं देऊळ, पिराचा दर्गा. बाबाला कोणताच देव परका नव्हता. फेरीत तो स्वतः बरोबर असे. प्रत्येक उंबऱ्याशी तो विश्वेश्वरांच्या तळव्यांना प्रसाद म्हणून कसलासा रस चोळी आणि शरदिनी तेच हात धरून त्यांना पुढे नेई. दर्ग्याचे म्हातारे मुजावर म्हणालेसुद्धा, की यांना बसवा, पीरसाहेब कुणाला चालवत नाहीत. बाबाने त्यांना गप्प केलं.

घाटावर परतताच विश्वेश्वर भोवळ येऊन कोसळले. त्यांच्या तोंडावर पाणी मारायला शरदिनीने घाईत समोरच्याच घागरीत हात घातला. बाहेर काढला तर बोटांवरून पिवळे थेंब गळत होते.

तिने विचारलं, "बाबा, मुझे तो पीलिया नहीं है. मेरे हाथ से क्या उतरा?"

"पति का रोग पत्नी में भी उतरता है, बेटी." लोकांनी माना डोलावल्या.

"तो आप भी हाथ धोइए."

बाबा मागे सरकला. शरदिनीने घागर उचलली आणि त्याच्याच हातांवर रिकामी केली. परात पुन्हा पिवळी झाली.

निरोप मिळताच यज्ञेश्वर धावत आले आणि आधी त्यांनी विश्वेश्वरांना सावलीत निजवलं. घागरीच्या तळाशी त्यांना चुना सापडला आणि बाबाच्या झोळीत आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसाची कुपी. हाताला लागलेल्या त्या रसावर चुन्याचं पाणी पडलं की पिवळा रंग येतो, कावीळ असो वा नसो. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की तो आधी धडधाकट हातावर करून पाहा. बुद्धी गहाण ठेवा, असं यातल्या एकाही देवाने सांगितलेलं नाही.

शरदिनीला संताप आवरत नव्हता, बाबाचा आणि त्याहून स्वतःचा. तिने डोली मागवली. वाटेत विश्वेश्वरांनी डोळे उघडून क्षीण आवाजात विचारलं, "उद्याची फेरी?"

"देव शेकडो वर्षं तिथंच आहेत," ती म्हणाली. "तुम्ही बरे होईपर्यंत थांबतील."