रेडिएटरातली उष्टी हळद

माझ्यासारखा गाढव महाड तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. अठ्ठावन्न सालचा वैशाख, माझ्या स्वतःच्या लग्नाचा दिवस. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, आणि मी भर दुपारी रस्त्यावर मोटारीखाली उताणा पडलेलो!

त्याचं असं झालं. मुंबईला मी गिरणीत साच्यांना, म्हणजे कापड विणायच्या मागांना, तेल घालायचो. हातात तेलाची बुधली, दिवसभर या साच्यावरून त्या साच्यावर, बस्स. पण सोयरीक ठरवताना आई पोलादपूरजवळच्या वाडीत पाहुण्यांना सांगून बसली, "आमचा हैबती इंजिन फिटर हाय." मी शेजारीच बसलो होतो. 'नाय' म्हणायला काय धाड भरली होती मला? पण नुकतीच त्यांची तुळसा ताकाचा पेला ठेवून आत गेली होती, आणि ती मुलगी हातची जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मान हलवली. वर मिशीवरून हातही फिरवला.

लग्नाच्या दिवशी दासगावाहून सगळं वऱ्हाड सकाळच्या एसटीने पुढे गेलं. नवरदेव मात्र मोटारीने जाणार होता, कारण आमच्या चुलतभावाकडे, मुरारीकडे, मोटार होती. लढाईतली जुनी अँब्युलन्स, लिलावात घेतलेली. आत झोपायला दोन फळ्या, कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर धोतर वाळत घातलेलं. मुरारी जत्रेजत्रेला आरसे-फण्या विकत हिंडायचा आणि त्या गाडीतच रांधायचा, तिथेच झोपायचा. त्याला फक्त गाडी हाकता यायची. बिघडली की खाली उतरून विडी पेटवायची, एवढीच त्याची दुरुस्ती.

आत आम्ही चौघं. मी, मुरारी, माझी ठकूआत्या, आणि आम्हाला न्यायला मूळ म्हणून आलेले नवरीचे मामा, गोमाजी. आत्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेली पितळेची वाटी होती. तिच्यात माझी उष्टी हळद. आधी नवऱ्याला लावायची आणि उरलेली नवरीला, असा आमच्याकडे रिवाज. ती वाटी पोचल्याशिवाय तुळसाला हळद लागणार नव्हती, आणि लग्न तर गोरज मुहूर्तावर होतं.

महाड मागे पडलं न पडलं तोच पेट्रोलचा वास सुटला. टाकी पाझरत होती. मुरारी उतरला आणि सवयीने त्याने विडी काढली.

"टाक ती विडी मेल्या, सगळ्यांना जाळतोस काय!" आत्या ओरडली.

मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं. फिटर ना मी! गळक्या टाकीला साबण चोळताना ट्रकवाल्यांना मी कधीतरी पाहिलं होतं. मुरारीची अंगाच्या साबणाची वडी घेतली, थुंकी लावून चोळली, आणि काय सांगू, गळती थांबली की!

"वा पाव्हणं, हाताला गुण हाय तुमच्या," मामा म्हणाले. तिथेच माझं डोकं फिरलं.

पोलादपूर चार मैलांवर आलं असेल, तेव्हा बॉनेटमधून वाफ निघायला लागली. रेडिएटरला चीर पडली होती. आत्या कळशी घेऊन ओढ्यावर पाणी आणायला गेली. तेवढ्यात मागून एसटी आली. ड्रायव्हर भला माणूस, थांबून म्हणाला, "येताय का? जागा हाय." मामा पाय उचलणार, तर मी ड्रायव्हरला म्हणतो कसा, "जावा हो तुम्ही, पाच मिनिटांचं काम हाय." एसटी गेली. आजही तो प्रसंग आठवला की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मुंबईचे टॅक्सीवाले फुटक्या रेडिएटरात हळदपूड टाकतात, असं मी ऐकलं होतं. चिमूटभर टाकतात म्हणे. आत्या फळीवर वाटी ठेवून गेली होती. मी अख्खी वाटी ओतली, तेल कालवलेल्या हळदीची, खरवडून खरवडून, आणि रिकामी वाटी परत फडक्यात बांधली. हळद ती हळद! नवरीची का इंजिनाची, एवढा विचार करायला डोकं लागतं. आत्याने आणलेलं पाणी वर घातलं, मुरारीने हँडल मारलं, आणि गाडी सुरू झाली. मी ऐटीत मुंडावळ्या सारख्या केल्या.

गाडी चालली जेमतेम दोन फर्लांग. मग रेडिएटरचं झाकण उडालं आणि पिवळं कारंजं उसळलं. काच पिवळी, मुरारीचं नाक पिवळं. पुढे बसलेल्या मामांच्या पांढऱ्याशुभ्र फेट्यावर पिवळे शिंतोडे. इंजिनाने एक आचका दिला आणि राम म्हटलं.

आत्याने फडकं सोडलं. "वाटीतली हळद कुठाय रे?"

मी बोट दाखवलं.

"अरे देवा! नवरीची हळद इंजिनाला लावलीस? आता त्याच्याशीच लाव लगीन!" ती माझ्यावर धावून आली. मान धरली आणि माझ्या गळ्याची, कानामागची हळद नखांनी ओरबाडून वाटीत जमवली, काळ्या तेलासकट. "निदान एवढी तरी पोचू दे," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मामांनी फेटा सोडला, झटकला, परत बांधला. मग शांतपणे विचारलं, "पाव्हणं, कुठल्या कारखान्यात शिकलात हे काम?"

एका कारखान्याचं नाव जिभेवर आलं होतं. पण त्यांचा तो पिवळा फेटा बघितला आणि माझं अवसानच गेलं.

"आईनं..." मी सुरुवात केली आणि थांबलो. मान तर मीच हलवली होती. "मामा, मी खोटं बोललो. मी फिटर नाय. गिरणीत साच्यांना तेल घालतो."

मामा वळले आणि पोलादपूरच्या दिशेने झपाझप चालू लागले.

"गेलं, मोडलं लगीन," मुरारी म्हणाला आणि त्याने विडी पेटवली.

गाडी तिथेच टाकून आम्हीही मागून निघालो. खरं सांगतो, मी इतका घाबरलो होतो की पाय भाजतायत हेही कळत नव्हतं. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, नवरदेव घोड्यावर नाही, गाडीत नाही, काळा-पिवळा होऊन पायी चाललाय. मला त्याची लाज वाटेना. तुळसा गेली, तुळसा गेली, एवढंच मनात चाललं होतं.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडवात वाजंत्री सनई मांडीवर ठेवून बसलेले. माझी आई एका कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन बसलेली. मामांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं होतं.

"फसवलंत तुम्ही आमाला," तुळसाचे वडील, भागोजी, मला म्हणाले.

"दाजी, पोरीला इचारा," मामा म्हणाले. "जन्म तिला काढायचाय."

दाराआडून तुळसाचा आवाज आला. "मामा, खोटं कोण बोललं म्हणाले ते?"

"मीच बोललो म्हणाला."

"सोयरिकीच्या दिशी मी हितंच दाराआड उभी होते. बोलल्या त्या त्यांच्या आई."

कोपऱ्यात आईचा हुंदका फुटला.

"आईवर ढकललं नाय ना त्यांनी?" तुळसाने विचारलं.

"नाय गो."

आतून काकणं वाजली.

"मग ती वाजंत्री अशी बसलीत कशाला? वाजवाय सांगा की."