रेस अडकते कुठं?

मंजुश्रीनं गाडी सोयाबीनच्या भुसाच्या ढिगात घातली, ही बातमी तिच्या आधी घरी पोचली. गावाला तेवढंच काम! ती अंगावरचं भूस झाडत, लंगडत, गाडी ढकलत दारात आली तेव्हा सासरे संगप्पा ओट्यावर उभेच होते, आणि शेजारची शिवगंगा त्यांना सगळं रंगवून सांगत होती. पोरीनं रेसची मूठ कशी पिळली, गाडी कशी उधळली, शेळ्या कशा पांगल्या. आता तिथं शेळी तर सोडा, कोंबडीसुद्धा नव्हती. पण ऐकणाऱ्याला मजा यायला पाहिजे ना.

"मूठ मी सोडली होती, मामा," मंजुश्री म्हणाली. "देवाशपथ सांगते. वळणावर मूठ सोडली तर ती माघारी आलीच न्हाई. रेस तशीच राहिली आन् गाडी आपली पळतच सुटली."

"लागलं का लई?"

"गुडघा खरचटलाय. तळहात बी."

संगप्पांनी तिचा उजवा तळहात उलटसुलट करून बघितला, हळद लावायला सांगितली, आणि मग ज्याची तिला धास्ती होती तेच बोलले. "बस झालं आता. गाडी विकून टाकू."

विकून टाकू म्हणे! मंजुश्री पशुसखी होती. उदगीरच्या अंगाची चार गावं आणि दोन तांडे तिच्याकडं. शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, अडलेली शेळी मोकळी करायची. मागं लसीचा बर्फाचा डबा बांधून ती सकाळीच निघायची. त्या रस्त्यांना एसटीचा भरवसा नाही आणि बर्फ काही कुणाची वाट बघत थांबत नाही. गाडी गेली की काम गेलं, आणि काम गेलं की ती पुन्हा चार भिंतींत, शिवगंगाच्या गप्पा ऐकायला.

वाईट याचं वाटत होतं, की ही गाडी तिला शिकवली ती संगप्पांनीच. नवरा मल्लेश नांदेडला ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला, गाडी घरी पडून. म्हाताऱ्यानं तिला लाडानं 'अव्वा' म्हणत, मागून कॅरिअर धरून माळावर शिकवलं. गाव हसलं तेव्हा, "तुमच्या बापाच्या पेट्रोलवर फिरून राहिली का?" असं म्हणून त्यांनीच सगळ्यांची तोंडं बंद केली होती. आणि जीव तरी केवढा त्या गाडीवर! घाणेवाल्याचं घराणं त्यांचं. अमावस्येला लोखंडाला तेल पाजल्याशिवाय घरात चूल पेटत नव्हती. घाणा बंद पडून जमाना झाला, पण रीत सुटली नाही. दर अमावस्येला टाकीवर विभूतीची तीन बोटं, चाकाखाली लिंबू, आणि पितळेच्या छोट्या गिंडीतून तेलाची धार. साखळीला थोडं, स्टँडला थोडं, मुठीपाशी वायर आत शिरते तिथं थोडं. "पाजलं की कशी गुमान चालते बघ," असं म्हणत ते गाडीवरून असा हात फिरवायचे, जणू दावणीचा बैल आहे.

तर असा माणूस आता गाडी विकायला निघाला. भ्याला होता बिचारा, दुसरं काय. पण भ्यालो म्हणून कबूल करतील तर ते संगप्पा कसले!

मल्लेशला फोन केला तर तो म्हणाला, "तूच जोरात पिळली असशील." उदगीरला अंगद मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं भर दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीला दोन चकरा मारल्या, मूठ पिळून सोडली, टक्कन माघारी आली. "एक नंबर गाडी हाय ताई. सवयीचा भाग असतो. बाईमाणसाचा हात..."

"याच हातानं अडलेल्या शेळीचं पिल्लू बाहेर काढते मी," मंजुश्री फणकारली. "हाताचं नका सांगू मला."

पण खरं सांगायचं तर परतीच्या वाटेवर तिचाच तिच्या हातावरचा भरवसा उडायला लागला होता. तीन माणसं तेच म्हणतात म्हटल्यावर काय करणार? नसेल सोडली मूठ. घाबरून उलट पिळली असेल. हे कोडं सुटलं नाही तर गाडी राहिली काय नि गेली काय, तिला पुन्हा मनमोकळं चालवताच येणार नव्हती. घरी आली तर संगप्पांनी शेजारच्या गावच्या बसवंतला निरोपही धाडलेला. उद्या सकाळी तो गाडी बघायला येणार होता.

सकाळी कडाक्याची थंडी होती. तुरीच्या शेतांवर धुकं बसलेलं. मंजुश्रीनं चहासुद्धा घेतला नाही. तिनं अंगणात गाडी उभी केली, इंजिन बंदच ठेवलं, मूठ पिळली आणि सोडली.

मूठ निम्म्यावर येऊन थांबली.

"अगं बाई!" तिला घाबरायला हवं होतं, पण आनंदच झाला. पुन्हा पिळली, पुन्हा तेच. मरगळल्यासारखी येते आणि मधेच बसते. म्हणजे हात खोटा नव्हता! मग अंगदकडं का नाही अडकली? तिथं ऊन होतं. आणि ती भुसात गेली ती? सकाळची वेळ. गेल्या महिन्यात दोनदा अडकल्यासारखी वाटली, तेव्हाही सकाळच होती. गारठ्यात बसते आणि उन्हात सुटते, असं गाडीत असतं तरी काय?

शेळी आजारी पडली की मंजुश्री कधीच एकदम सुई काढत नसे. आधी डोळा, मग तोंड, मग पोट. एकेक जागा बरी निघाली की दुखणं उरलेल्या जागेत असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं सीटखालचे पाने काढले आणि गाडीलाही तसंच तपासायचं ठरवलं.

"काय उकलून राहिलीस सकाळी सकाळी?" संगप्पा कपाळाला विभूती लावून बाहेर आले. "बसवंत येईल आता."

"येऊ द्या. मामा, जरा हे धरा की."

कुरकुरत का होईना, ते उकिडवे बसले. तिनं कार्बोरेटरवरचं गोल टोपण फिरवून काढलं, वायरच्या टोकाला लटकलेला छोटा नळकांड्यासारखा भाग मोकळा केला आणि नुसताच त्याच्या जागेत सोडून बघितला. खट्टकन खाली बसला. वर घेतला, सोडला, खट्ट.

"हितं दुखणं न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"थांबा की."

मग मुठीकडची वायर काढली. नुसती मूठ फिरवली तर भिंगरीसारखी फिरली. तिथंही नाही. आता संगप्पांची कुरकुर थांबली होती. मान पुढं करून तेही बघायला लागले होते. "म्हणजे ऱ्हायली ती वायर," ते आपणहून बोलले.

"हाव. वायरच."

काळ्या नळीच्या आतून तार सरकते, एवढीच ती वायर. मंजुश्रीनं नळी एका हातात धरली आणि तार ओढली. येईना. जोर लावला तशी कुरकुरत वीतभर बाहेर आली. तारेवर तपकिरी, जाड थर होता. बोटाला लागला तो सुटेना. अंगठा आणि बोट चिकटून बसले.

"ग्रीस तर न्हाई हे. मामा, बघा बरं काय हाय?"

संगप्पांनी तार जवळ घेतली. नखानं थर खरवडला, बोटांत चोळला, नाकाला लावला. आयुष्यभर तेलात बुडालेला माणूस तो, त्याला काय विचार करावा लागतो? चटकन बोलून गेले, "ही तर करडी. करडीचं तेल हाय हे, वाळलेलं. हे तेल लोखंडावर ऱ्हायलं की वाळतं, अव्वा. आधी गुळगुळीत, मग डिंक होतंय त्याचा. घाण्याच्या फिरत्या लाटेवर असाच थर बसायचा, विळ्यानं खरवडायचो आम्ही. थंडीत तर दगडच. ऊन दाखवलं की जरा..."

आणि ते मधेच थांबले.

मंजुश्रीला तोवर कळलं होतं. अमावस्या झाली की दोन-चार दिवस गाडी कशी लोण्यासारखी चालायची, आणि मग दर महिन्याला आधीपेक्षा जड व्हायची, हे तिच्या डोक्यात झर्रकन जुळलं. पितळेची गिंडी, करडीची धार, मुठीपाशी. ज्या माणसानं तिच्यापायी गावाशी भांडण घेतलं, त्याला अंगणात बसवून 'तुम्हीच' म्हणायचं?

संगप्पा तार खाली ठेवून उठले आणि आत गेले. आतून भांड्याचा आवाज आला. रागावले, असं तिला वाटलं. जीव नुसता तुटला तिचा.

तेवढ्यात बसवंत आलाच. गाडीची अशी आतडी बाहेर काढलेली बघून त्याचा चेहरा पडला. "हे काय वहिनी? म्हणं रेस अडकते. काका म्हणले, सुनेला झेपत न्हाई, म्हणून विकायलोत."

मंजुश्री उत्तर देणार तोच संगप्पा दारात आले. हातात तीच गिंडी होती, रिकामी. त्यांनी ती बसवंतच्या पुढ्यात ओट्यावर ठेवली.

"पोरीनं मूठ सोडली होती, बसवंत," ते म्हणाले. आवाज शेजारच्या शिवगंगालाही ऐकू जाईल इतका मोठा होता. "माझ्या तेलानं धरून ठेवली. घाणेवाला असून मला कळलं न्हाई. गाडी विकायची न्हाई. चहा घेऊन जा."

बसवंतनं चहा घेतला. शिवगंगानं भिंतीआडून सगळं ऐकलं, आणि दुपारपर्यंत गावात नवी बातमी झाली. बरं झालं, यावेळी खरी तरी होती. वायर धुऊन निघणार नाही, हे संगप्पांनीच सांगितलं. अंगदनं नवी घातली, आणि बाईमाणसाच्या हाताबद्दल त्या दिवशी चकार शब्द काढला नाही.

मग येळवस आली. दर्शवेळ अमावस्या, सगळं गाव शेतावर जेवायला जाणार. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं बांधून झालं. निघायच्या आधी संगप्पांनी गाडीवर विभूतीची तीन बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं, गिंडी उचलली आणि मुठीपाशी येऊन हात तसाच धरून उभे राहिले. रीत तर मोडवत नव्हती, आणि तेल तर टाकवत नव्हतं. म्हातारा माणूस असा अडकून उभा राहिलेला मंजुश्रीला बघवेना.

"कुठं टाकू गं, अव्वा?" त्यांनी विचारलं.

तिनं आपला उजवा तळहात पुढं केला. भुसाच्या ढिगाशेजारी खरचटलेला, त्यात थंडीनं फुटलेला.

"हितं टाका, मामा. भेगा लई पडल्यात."

संगप्पांनी धार धरली. तेल तळहातावर जमलं, बोटांच्या फटींतून ओघळायला लागलं, तरी म्हातारा काही थांबेना. मंजुश्रीनं ते दोन्ही हातांना चोळलं, पदराला नीट पुसलं आणि गाडीला किक मारली.

"बसा मागं," ती म्हणाली. "आंबील सांडू देऊ नका."